सपाट बँड वेगळे, टोपॉलॉजी वेगळी: फिरवलेल्या ग्राफीनबद्दलच्या एका प्रश्नाचं उत्तर

परभणीहून एम.एस्सी. पदार्थविज्ञानाच्या शेवटच्या वर्षात असलेल्या एका वाचकानं विचारलंय: "ग्राफीनचे दोन थर एकमेकांवर १.१ अंशानं फिरवून ठेवले की त्यात टोपॉलॉजिकल अवस्था येतात, असं वाचलं. पण हॉल रोधाच्या पायऱ्या दिसायला जबरदस्त चुंबकीय क्षेत्र लागतं, असं आम्ही शिकलो. इथं क्षेत्र नसताना ते कसं घडतं? नुसतं फिरवल्यानं टोपॉलॉजी येते कुठून? आणि आमच्याकडं ना द्रव हेलियम, ना क्लीनरूम. इथं बसून या विषयात काही खरं काम करता येईल का?"

गोंधळ नेमका कुठं होतो ते या प्रश्नातून चांगलं कळतं. आधी शब्द बघू: ग्राफीन म्हणजे कार्बनचा एक अणू जाडीचा थर, बँड म्हणजे इलेक्ट्रॉनला मिळू शकणाऱ्या ऊर्जांचा पट्टा, हॉल रोध म्हणजे प्रवाहाला आडव्या दिशेनं मोजलेला व्होल्टेज भागिले प्रवाह, आणि इथं टोपॉलॉजी म्हणजे इलेक्ट्रॉनच्या तरंगफलनाच्या (वेव्ह फंक्शनच्या) वळणांचा पूर्णांकी हिशोब, जो लहानसहान बदलांनी बदलत नाही. जादुई कोन, सपाट बँड, अतिवाहकता आणि टोपॉलॉजी हे चारही शब्द बहुतेक लेखांत एका दमात येतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की कोन साधला की बाकी सगळं आपोआप मिळतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कोनामुळं बँड सपाट होतात, एवढंच. टोपॉलॉजीचं बीज ग्राफीनच्या एकेका थरात आधीपासून असतं. दोन थर फिरवून ठेवले की त्या बीजाची बेरीज होते, आणि ती बेरीज मोजमापात दिसायला आणखी दोन गोष्टी लागतात: एक सममिती मोडणं आणि इलेक्ट्रॉनांचं आपसातलं प्रतिकर्षण. हे तीन टप्पे वेगवेगळे ठेवले तर सगळा विषय उलगडतो.

आधी कोनाचं बघू. जालना भागात बियाण्यांच्या प्लॉटवर शेडनेट टाकतात, ते तुम्ही पाहिलं असेल. एका नेटवर दुसरं नेट जरा तिरकं पडलं, की जाळीच्या घरांपेक्षा कितीतरी मोठी गडद-फिकी नक्षी उमटते. तीच मोआरे नक्षी. ग्राफीनच्या जाळीचं घर ०.२४६ नॅनोमीटरचं. दोन थरांत १.१ अंशाचा कोन असेल तर नक्षीचं घर सुमारे १३ नॅनोमीटरचं होतं, म्हणजे पन्नासपटीहून मोठं, आणि त्या एका घरात साधारण ११ हजार अणू बसतात. कोन जितका लहान तितकं घर मोठं. याचा एक मोठा व्यावहारिक फायदा आहे. घर मोठं असल्यामुळं एका घरामागं चार इलेक्ट्रॉन भरायला चौरस सेंटीमीटरला जेमतेम २.८ लाख कोटी इलेक्ट्रॉन लागतात. आकडा अवाढव्य वाटतो, पण साध्या ग्राफीनचा अख्खा बँड भरायला याच्या हजारपटीहून जास्त लागतील. म्हणून इथं गेटचा (नमुन्याजवळच्या विद्युतवाहक थराचा) व्होल्टेज फिरवून, रसायन न बदलता, बँड रिकामा करता येतो आणि पूर्ण भरताही येतो.

आता सपाटपणा. दोन ऊर्जांची कुस्ती आहे ही. फिरवल्यामुळं दोन थरांचे डिरॅक शंकू (ऊर्जेच्या आलेखात दोन बँड एका बिंदूत भेटतात तो शंकूचा आकार) संवेगाच्या नकाशावर एकमेकांपासून थोडे सरकतात. तेवढं अंतर कापायला इलेक्ट्रॉनला लागणारी गतिज ऊर्जा १.०५ अंशाला साधारण १९० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट येते. दुसरीकडं एका थरातून दुसऱ्यात उडी मारण्याची ऊर्जा आहे सुमारे ११० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट. या दोहोंच्या गुणोत्तराला अल्फा म्हणतात. राफी बिस्ट्रिट्झर आणि ॲलन मॅकडॉनल्ड यांनी २०११ साली दाखवलं की डिरॅक बिंदूपाशी इलेक्ट्रॉनचा वेग मूळ वेगाच्या (१ − ३ अल्फा वर्ग) भागिले (१ + ६ अल्फा वर्ग) इतका उरतो. अल्फा ०.५७७ झाला की अंश शून्य, म्हणून वेगही शून्य. ११० ला १९० नं भागून बघा, ०.५८ येईल. 'जादुई कोन' म्हणतात तो एवढाच: दोन ऊर्जांचं प्रमाण जुळणं. मार्च २०१८ मध्ये एमआयटीत पाब्लो हारिय्यो-एरेरो यांच्या गटानं, युआन काओ यांच्या पुढाकारानं, हे नमुन्यात पकडलं आणि १.७ केल्विनखाली अतिवाहकताही दाखवली.

इथपर्यंतच्या गणितात टोपॉलॉजीचा शब्दही आलेला नाही. बँड सपाट असणं म्हणजे इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा नगण्य असणं. तसं झालं की त्यांचं आपसातलं प्रतिकर्षण वरचढ ठरतं. हे पुढं कामाला येणार आहे, म्हणून बाजूला ठेवू.

तुमच्या मुख्य शंकेकडं येतो. चुंबकीय क्षेत्राशिवाय हॉल रोधाची पायरी कशी? क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना १९८० मध्ये दिसलेल्या पायऱ्या क्षेत्रातल्याच होत्या. पण १९८२ मध्ये डेव्हिड थाउलेस आणि सहकाऱ्यांनी त्यामागचं खरं कारण सांगितलं: भरलेल्या प्रत्येक बँडला एक पूर्णांक चिकटलेला असतो, चर्न संख्या, आणि हॉल वाहकता त्याच पूर्णांकाच्या पटीत येते. संवेगाच्या नकाशावर एक फेरी मारली तर तरंगफलनाची कला (फेज) किती वळते, त्याचा हिशोब म्हणजे बेरी वक्रता. अख्ख्या ब्रिलवाँ क्षेत्रावर (संवेगाच्या नकाशाच्या एका पूर्ण घरावर) तिची बेरीज करून २ पायनं भागलं की चर्न संख्या मिळते. या व्याख्येत बाहेरचं क्षेत्र कुठंच नाही. अट एकच, कालव्युत्क्रम सममिती (काळ उलटा फिरवला तरी सगळं तसंच राहणं) मोडलेली असली पाहिजे. डंकन हॉल्डेन यांनी १९८८ मध्ये मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीवरच, म्हणजे ग्राफीनच्याच आकारावर, निव्वळ क्षेत्र शून्य ठेवून चर्न संख्या १ असलेलं मॉडेल कागदावर मांडलं होतं. थाउलेस, हॉल्डेन आणि कॉस्टरलिट्झ यांना २०१६ चं नोबेल मिळालं त्यामागं ही कामं आहेत.

मग ग्राफीनमध्ये अडतं कुठं? ग्राफीनच्या डिरॅक बिंदूभोवती एक फेरी मारली की तरंगफलनाची कला पायनं वळते. बिंदूपाशी थोडी फट (जिथं इलेक्ट्रॉनला एकही ऊर्जा मिळत नाही असा पट्टा) पाडली, तर प्रत्येक शंकू चर्न संख्येत अर्धा वाटा देतो. पण ग्राफीनला दोन व्हॅली, म्हणजे संवेगाच्या नकाशावर शंकूंच्या दोन जागा असतात, के आणि के-प्राइम, आणि दोन्हीकडचे शंकू उलट हाताचे असतात, म्हणजे त्यांच्याभोवती कला उलट दिशांनी वळते. ए आणि बी या जागांची (जाळीच्या एका घरातल्या दोन अणूंच्या जागांची) ऊर्जा वेगवेगळी करून फट पाडली, तर एकीकडून अधिक अर्धा आणि दुसरीकडून उणे अर्धा. बेरीज शून्य. एकट्या थरात ही कोंडी फुटत नाही.

फिरवलेल्या दोन थरांत मात्र एक वेगळी गोष्ट घडते, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच. के आणि के-प्राइम या व्हॅली संवेगात एकमेकांपासून फार लांब आहेत. मोआरे नक्षी मोठी, म्हणजे तिचे संवेग लहान, त्यामुळं लहान कोनाला या दोन व्हॅली एकमेकींत मिसळत नाहीत. आता फक्त के व्हॅली बघा. मोआरेच्या छोट्या ब्रिलवाँ क्षेत्राच्या एका कोपऱ्यावर वरच्या थराचा के शंकू बसतो, दुसऱ्या कोपऱ्यावर खालच्या थराचा. दोन्ही के व्हॅलीतलेच, म्हणून दोन्ही एकाच हाताचे! फट पडली की अर्धा अधिक अर्धा, पूर्ण एक. के-प्राइममध्ये त्याचप्रमाणं उणे एक. साध्या जाळीवरच्या दोन बँडांच्या मॉडेलमध्ये दोन एकाच हाताचे शंकू बसवताच येत नाहीत. त्यामुळं सपाट बँडांसाठी सगळ्या सममिती पाळणारी, जागेवर घट्ट बसलेली ऑर्बिटलं रचायला गेलं की अडथळा येतो. अश्विन विश्वनाथ, टी. सेंथिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तसंच आंद्रेई बर्नेविग यांच्या गटानं, या अडथळ्याचं नीट विश्लेषण केलं आणि त्याला 'नाजूक टोपॉलॉजी' असं नाव रुळलं. नाजूक अशासाठी की साधे, निरुपद्रवी बँड जोडीला घेतले तर हा अडथळा निघून जातो.

पण फट पाडायची कुणी? दोन्ही शंकूंचं रक्षण १८० अंशांचं फिरवणं आणि कालव्युत्क्रम यांची जोड-सममिती करते. ती मोडायला बोरॉन नायट्राइड उपयोगी पडतं. ग्राफीनचे नमुने एरवीही बोरॉन नायट्राइडच्या थरांमध्येच झाकतात, पण इथं त्याची जाळी ग्राफीनच्या जाळीशी जवळपास समांतर लावायची. दोन जाळ्यांत सुमारे १.८ टक्क्यांचा फरक आहे, आणि एका जागेखाली बोरॉन तर दुसरीखाली नायट्रोजन आल्यामुळं ए आणि बी जागा सारख्या राहत नाहीत. फट पडते. आता आपल्याकडं चार सपाट बँडांचा संच आहे, दोन व्हॅली गुणिले दोन स्पिन, त्यातल्या दोघांची चर्न संख्या अधिक एक आणि दोघांची उणे एक. चौघे सारखेच भरले तर बेरीज शून्यच.

इथं मघाशी बाजूला ठेवलेला सपाटपणा कामाला येतो. बँड सपाट, प्रतिकर्षण वरचढ, त्यामुळं एकमेकांना टाळण्यासाठी इलेक्ट्रॉन चौघांत सारखे वाटून बसायचं सोडून काही बँड पूर्ण भरतात आणि एखादा पूर्ण रिकामा ठेवतात. तीन भरले, एक रिकामा राहिला, की चर्न संख्येची बेरीज अधिक किंवा उणे एक. कालव्युत्क्रम सममिती बाहेरच्या चुंबकानं मोडली नाही, इलेक्ट्रॉनांनी आपणहून मोडली. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या डेव्हिड गोल्डहेबर-गॉर्डन यांच्या गटाला तीन-चतुर्थांश भरणाला चुंबकत्व आणि मोठा हॉल रोध दिसला. पाठोपाठ सांता बार्बरातल्या अँड्रिया यंग यांच्या गटानं १.६ केल्विनला, शून्य क्षेत्रात, हॉल रोध २५,८१३ ओहमवर स्थिर झालेला दाखवला. हा प्लांकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनच्या भाराचा वर्ग. या चुंबकत्वात लोखंड नाही, निकेल नाही. कार्बनमध्ये स्पिन आणि कक्षेचा दुवा फार क्षीण असतो, म्हणून इथं चुंबकत्व मुख्यतः स्पिनमधून नव्हे, इलेक्ट्रॉनांच्या कक्षेतल्या फिरण्यातून येतं. नुसत्या काही नॅनोअँपिअर प्रवाहानं त्याची दिशा उलटवता येते.

हे सगळं परिस्थितीवर किती अवलंबून आहे, तेही सांगायला हवं, कारण पेपर वाचताना हाच भाग सुटतो. मी काही काळ थर रचण्याचं काम केलंय. सिलिकॉनच्या ऑक्साइडवर सूक्ष्मदर्शकाखाली एकथरी ग्राफीन फिक्या जांभळ्या डागासारखं दिसतं, एवढं फिकं की सवय नसलेल्या माणसाला दाखवूनही दिसत नाही. त्याचे दोन तुकडे करायचे, हल्ली हे लेझरनं किंवा सूक्ष्म सुईनं आधीच कापून घेतात. मग पॉलिकार्बोनेटच्या पातळ पडद्यावरच्या बोरॉन नायट्राइडनं पहिला तुकडा उचलायचा, खालची पट्टी हव्या त्या अंशानं फिरवायची आणि दुसरा तुकडा उचलायचा. दोन्ही तुकडे एकाच स्फटिकातले, म्हणून मूळ कोन शून्य, आणि फिरवला तेवढाच कोन मिळायला हवा. मिळतो का? थरांना परत शून्याकडं जायचं असतं. गरम केलं, बुडबुडा ढकलायला गेलं, की कोन घसरतो. म्हणून बरेच जण थोडा जास्तीचा कोन धरून चालतात. शिवाय एकाच नमुन्यात इकडचा कोन आणि तिकडचा कोन सारखा नसतो, आणि अंशाच्या दहाव्या भागाचा फरकही सपाट बँडाला महागात पडतो. त्यात बोरॉन नायट्राइड समांतर लागणं, ताण कमी असणं, गेट किती जवळ आहे, हे सगळं जुळलं तरच शून्य क्षेत्रातली पायरी दिसते. जादुई कोनाच्या बहुतांश नमुन्यांत ती दिसत नाही. म्हणून कुणी "जादुई कोन साधला, म्हणजे टोपॉलॉजिकल अवस्था मिळाली" असं लिहिलं असेल तर बोरॉन नायट्राइड कसं लावलं होतं ते आधी शोधा.

कोन आणखी लहान, अर्ध्या अंशाच्याही खाली नेला, तर चित्रच बदलतं. अणू सरकून बसतात आणि त्रिकोणी प्रदेश तयार होतात, एक एबी रचनेचा (वरच्या थराचा ए अणू खालच्याच्या बी अणूवर), शेजारचा बीए रचनेचा (त्याच्या उलट). वरून खाली विद्युतक्षेत्र लावलं की दोन्हीकडं फट पडते, पण व्हॅलीची चर्न संख्या उलट खुणेची. मग सीमेवर फट बंद होण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि सीमारेषांवरून वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांचं त्रिकोणी जाळं बनतं. यात प्रतिकर्षणाची गरज नाही, सपाट बँडही नकोत. याही अवस्थांना टोपॉलॉजिकलच म्हणतात, पण आधीच्या गोष्टीशी यांची गल्लत करू नका. इथलं संरक्षण व्हॅली न मिसळण्यावर उभं आहे. कडेला अणूपातळीवरचा खडबडीतपणा असला की ते ढासळतं.

अलीकडं चर्चा ज्याची आहे ती म्हणजे अपूर्णांकी अवस्था. २०२३ मध्ये फिरवलेल्या मॉलिब्डेनम डायटेल्युराइडमध्ये शून्य क्षेत्रात अपूर्णांकी हॉल पायरी दिसली, आणि त्यानंतर बोरॉन नायट्राइडवरच्या पाच थरांच्या ग्राफीनमध्येही, जिथं ग्राफीनचे थर एकमेकांवर फिरवलेलेच नाहीत. कोन हे साधन आहे, कारण नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. परभणीत बसून प्रयोग होणार नाही, हे खरंच आहे. प्रयोग करायचा असेल तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) मंदार देशमुख यांचा गट फिरवलेल्या ग्राफीनमधल्या बेरी वक्रतेवर काम करतो, बेंगळुरूच्या आयआयएस्सीतही या विषयावर काम चालतं. त्यासाठी टीआयएफआरची प्रवेश परीक्षा, जेस्ट, नेट, गेट यांची तयारी आत्ताच सुरू करा. पण सैद्धांतिक गणना साध्या लॅपटॉपवर होते आणि ती खेळण्यातली गणना नव्हे, संशोधक वापरतात तीच. पायथन आणि नम्पाय पुरेसं आहे.

सुरुवात हॉल्डेनच्या मॉडेलपासून करा. दोन गुणिले दोनचं मॅट्रिक्स, आणि उत्तर आधीच माहीत: ए-बी जागांचा ऊर्जाफरक दर्शवणारा एम हा दुसऱ्या शेजाऱ्याच्या उडीच्या ३√३ पटीहून, म्हणजे ५.१९६ पटीहून, कमी असेल (कला ९० अंश धरून) तर चर्न संख्या अधिक किंवा उणे एक, जास्त असेल तर शून्य. चर्न संख्या काढायला फुकुई, हात्सुगाई आणि सुझुकी यांची २००५ ची चौकटींची पद्धत वापरा. ब्रिलवाँ क्षेत्राचे छोटे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाच्या चार कोपऱ्यांवरच्या तरंगफलनांचे अंतर्गुणाकार घ्यायचे, त्यांच्या गुणाकाराची कला काढायची आणि सगळ्यांची बेरीज करून २ पायनं भागायचं. संगणकानं तरंगफलनाला दिलेली कुठलीही मनमानी कला यात आपोआप कटते.

मग बिस्ट्रिट्झर-मॅकडॉनल्ड मॉडेल. एएच्या जागी (जिथं ए अणूवर ए बसतो) उडी ८० आणि एबीच्या जागी ११० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट घ्या, दोन्ही ११० घेतल्या तर वरच्या-खालच्या बँडांपासूनची फट नीट उघडत नाही. बोरॉन नायट्राइडचा परिणाम म्हणून एका थराच्या ए आणि बी जागांवर अधिक-उणे १५ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास घाला. मॅट्रिक्स दोन-अडीचशे ओळींचं होईल, २४ गुणिले २४ चं जाळं लॅपटॉपवर काही मिनिटांत संपतं. पुढं पॅरामीटर बदलत रात्रभर गणना लावाल तेव्हा प्रत्येक ओळ झाली की फाइलमध्ये लिहा. आपल्याकडं लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि पहाटे सगळं पहिल्यापासून करायची वेळ येऊ नये.

बहुतेक विद्यार्थी अडकतात ती जागा सांगून ठेवतो. जाळ्याच्या शेवटच्या ओळीवरचं तरंगफलन पहिल्या ओळीवरच्या तरंगफलनाशी जोडायचं असतं, पण इथं ते तसंच्या तसं जोडता येत नाही. संवेग एका व्युत्क्रम सदिशानं सरकला की समतल तरंगांचे गुणांकही तितकीच घरं सरकवावे लागतात. हे विसरलं की उत्तर ०.३७ किंवा तसलंच काहीतरी येतं. उत्तर पूर्णांक नसेल तर चूक जवळपास नेहमी याच ठिकाणी असते. उलट पूर्णांक आला म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण सीमा नीट जोडली असेल तर ही पद्धत चुकीच्या बँडासाठी आणि विरळ जाळ्यासाठीही पूर्णांकच देते. म्हणून जाळं दुप्पट दाट करा, शेजारच्या बँडापासूनची फट अख्ख्या क्षेत्रात कुठंही शून्याला टेकत नाही ना ते तपासा, आणि एएची उडी शून्य करून, एबीची उडी तीच ठेवून, अल्फा ०.५८६ ला बँड पूर्ण सपाट होतो का ते बघा. ए-बी फरक त्या वेळी काढून टाका. शेवटी प्रोग्राममध्ये व्हॅली बदला, ए-बी फरकाची खूण आहे तशीच ठेवा. के व्हॅलीत अधिक एक आलं असेल तर के-प्राइममध्ये उणे एकच यायला हवं.